अमेरिकी शाळेत ‘इंग्लिश लर्नर’ ठरलेली मराठी मुले: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, ठाणे, नाशिक किंवा नागपूर येथून नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत आलेल्या कुटुंबातील मूल तेथील सरकारी शाळेत, म्हणजे पब्लिक स्कूलमध्ये दाखल होते आणि काही आठवड्यांतच शाळेकडून घरी एक पत्र येते. आपले मूल ‘इंग्लिश लर्नर’ या गटात मोडत असून त्याला इंग्रजीसाठी जादा साहाय्य दिले जाईल, असे त्यात लिहिलेले असते. पुढील प्रश्न बहुतेक वेळा हे पत्र हातात पडल्यावर विचारले जातात. काही मात्र हे पत्र येऊच नये या धास्तीपोटी आधीच विचारले जातात. तपशिलाचे नियम राज्यागणिक बदलत असल्यामुळे आपल्या डिस्ट्रिक्टच्या (परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) कार्यालयात खात्री करून घेणे केव्हाही इष्ट.

‘इंग्लिश लर्नर’ म्हणजे नेमके काय? हा माझ्या मुलाच्या बुद्धीवरचा शेरा आहे का?

नाही. ही कायद्याने ठरवलेली वर्गवारी आहे. ज्याच्या घरची भाषा इंग्रजीहून वेगळी आहे आणि इंग्रजी बोलणे, समजणे, वाचणे किंवा लिहिणे यांत सध्या येणाऱ्या अडचणीमुळे ज्याचे वर्गातील शिकणे अडू शकते, असा विद्यार्थी या वर्गवारीत येतो. काही राज्ये आता ‘मल्टिलिंग्वल लर्नर’ असा अधिक सौम्य शब्द वापरतात. जुन्या कागदपत्रांत ‘ईएलएल’ (इंग्लिश लँग्वेज लर्नर) हे संक्षिप्त रूप दिसेल, आणि पालकांच्या बोलण्यात तर सरसकट ‘ईएसएल’ (इंग्लिश ॲज अ सेकंड लँग्वेज, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) हाच शब्द रूढ आहे.

या वर्गवारीमागे मोठा इतिहास आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरातील चिनी भाषिक विद्यार्थ्यांना इंग्रजीसाठी कोणतेही साहाय्य न देता इतरांबरोबर वर्गात बसवले जात होते. त्यांच्या वतीने लढला गेलेला ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ हा खटला १९७४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. सगळ्यांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी त्या शिक्षणाला काही अर्थ उरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्याच वर्षी संसदेने समान शैक्षणिक संधीचा कायदा करून भाषेचा अडथळा दूर करण्यासाठी योग्य ती पावले उचलण्याची जबाबदारी राज्यांवर आणि शाळांवर टाकली. त्यामुळे घरी आलेल्या पत्राकडे डाग म्हणून न पाहता हक्काची नोंद म्हणून पाहावे. मराठी घरांत हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे ‘जादा तास’ हा शब्दच मागे पडलेल्या मुलाशी जोडला गेलेला आहे.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेविषयीचा फॉर्म भरायचा असतो. त्यात ‘मराठी’ लिहावे की ‘इंग्रजी’?

जे खरे असेल ते लिहावे. या फॉर्मला ‘होम लँग्वेज सर्व्हे’ म्हणतात. त्यात तीन-चार साधे प्रश्न असतात: मूल प्रथम कोणती भाषा बोलायला शिकले, घरी मुख्यतः कोणती भाषा बोलली जाते, मूल स्वतः कोणत्या भाषेत अधिक बोलते. परिचयातील अनेक मंडळी नव्याने आलेल्यांना ‘सगळीकडे इंग्लिश लिहून टाका, म्हणजे टेस्टची कटकट नको’ असा सल्ला अगदी आपुलकीने देतात. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे. मराठी लिहिल्याने मूल आपोआप इंग्लिश लर्नर ठरत नाही; फक्त त्याची चाचणी घेतली जाते. त्याचे इंग्रजी पुरेसे असेल तर चाचणीतच ते सिद्ध होते आणि विषय तिथेच संपतो. उलट खोटी माहिती दिली आणि मूल खरोखरच अडखळू लागले, तर शाळेला त्यामागचे कारण कळत नाही, आणि शिक्षक त्याचा संबंध लक्ष न देण्याशी किंवा क्षमतेशी जोडू शकतात.

ही चाचणी कशी असते? तिची तयारी करून घ्यावी का?

सुरुवातीची चाचणी छोटी असते. ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे या चार अंगांनी इंग्रजी तपासले जाते. किंडरगार्टनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांची चाचणी चित्रांच्या आधाराने आणि गप्पांच्या ओघात होते. त्यानंतर दरवर्षी एक मोठी चाचणी असते. न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स यांसह बहुसंख्य राज्ये ‘विडा’ या राज्यांच्या गटाची ‘ॲक्सेस’ चाचणी घेतात. कॅलिफोर्नियात ‘एल्पॅक’, टेक्ससमध्ये ‘टेल्पास’, तर न्यू यॉर्कमध्ये राज्याची स्वतःची चाचणी असते. शाळेने निकाल व पुढील योजना शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीपासून ३० दिवसांच्या आत पालकांना कळवणे केंद्रीय कायद्याने आवश्यक आहे. मूल वर्षाच्या मध्येच आले असेल तर ही मुदत दोन आठवड्यांची असते.

तयारी म्हणून पाठांतर करून घेऊ नये. अनोळखी माणसाने विचारलेल्या प्रश्नाला मुलाने मोकळेपणी उत्तर द्यावे, एवढीच सवय पुरेशी आहे.

माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. तरीही ती इंग्लिश लर्नर कशी ठरली?

हा सर्वांत जास्त दुखावणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे भाग आहे. आपल्याकडील इंग्रजी माध्यमात किंवा सेमी-इंग्रजी वर्गात मुलाचे वाचन आणि लेखन बरेचदा चांगले झालेले असते. उत्तरे शुद्ध असतात, अक्षर देखणे असते. पण वर्गात सलग इंग्रजी ऐकण्याचा आणि स्वतःचे म्हणणे चार-पाच वाक्यांत मांडण्याचा सराव कमी पडतो, कारण मधल्या सुट्टीत सगळे मराठीत किंवा हिंदीतच बोलतात. इकडे चाचणीत नेमके हेच तपासले जाते: चित्र पाहून काय घडले असावे ते सांग, दोन मतांपैकी तुला कोणते पटते आणि का. ज्या मुलीला ‘प्रश्नाला धरून उत्तर’ द्यायला शिकवले गेले आहे ती एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसते आणि तिचे गुण कमी होतात.

त्यात उच्चार आणि शब्दांचा फरक भर घालतो. तिने शिकलेले इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असते. तिच्या ‘झेड’ला येथे ‘झी’ म्हणतात, ‘फुल स्टॉप’ला ‘पीरियड’ म्हणतात, ‘स्टँडर्ड’ला ‘ग्रेड’ म्हणतात, आणि ‘रबर’ मागितले तर मोठ्या वर्गात हशा पिकू शकतो, कारण अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ निरोध असा होतो. तेथे ‘इरेझर’ मागावे लागते. हे सगळे काही महिन्यांत सुटते, परंतु पहिल्या आठवड्यात ते कोणीतरी घरीच हसतखेळत सांगितलेले बरे.

आणखी एक बारीक गोष्ट शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. ‘तू डबा खाल्ला नाहीस का?’ या प्रश्नाला मराठी मूल ‘हो, नाही खाल्ला’ असे उत्तर देते, कारण आपला ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत अशा वेळी ‘नो’ म्हणावे लागते. मूल ‘येस’ म्हणून थांबले, की शिक्षिकेची समजूत नेमकी उलटी होते.

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, तरी मूल वर्गात एक शब्द बोलत नाही. काळजी करावी का?

नव्या भाषेत पाऊल टाकणाऱ्या लहान मुलांमध्ये असा मौनाचा काळ नेहमी दिसतो. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत मूल फक्त ऐकते, पाहते, खुणेने उत्तर देते आणि घरी आल्यावर मात्र वर्गातील गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवते. त्याच्यावर बोलण्याची सक्ती करू नये. चित्राकडे बोट दाखवणे, मान डोलावणे किंवा जोडीदाराबरोबर काम करणे यांतून ते सहभागी होत आहे ना, एवढे शिक्षिकेला विचारावे. घरी मराठीतही ते बोलेनासे झाले असेल किंवा बरेच महिने उलटूनही शाळेत अजिबात संवाद नसेल, तर मात्र शाळेच्या काउन्सेलरशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

शिक्षिकेने सुचवले की घरी इंग्रजीच बोला. आता मराठी बंद करावे का?

करू नये. या एका मुद्द्यावर मी जराही मागे हटणार नाही.

मुलाची विचार करण्याची, कारण देण्याची, गोष्ट रचण्याची आणि प्रश्न विचारण्याची क्षमता ज्या भाषेत त्याच्याशी सर्वांत समृद्धपणे बोलले जाते त्या भाषेत वाढते. एकदा वाढली की ती दुसऱ्या भाषेतही वापरता येते. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी या संक्रमणावर विस्ताराने लिहिले आहे. दैनंदिन गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत त्यांनी केलेला भेद आज या क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. पाऊस कसा पडतो हे आजीने मराठीत नीट समजावलेल्या मुलाला शाळेत ‘इव्हॅपरेशन’ या शब्दासाठी फक्त नवे नाव शिकावे लागते. कल्पना त्याच्याकडे आधीच असते. याउलट ज्या पालकांचे इंग्रजी कार्यालयीन कामापुरते आहे, ते घरी फक्त इंग्रजी बोलू लागले की संवाद ‘इट फास्ट, होमवर्क डन?’ एवढ्यावर येऊन ठेपतो. मुलाला मिळणारी भाषाच आटते.

शिक्षिकेचा हेतू वाईट नसतो. तिला नम्रपणे सांगावे की घरी आम्ही मराठीत भरपूर बोलतो, वाचतो, आणि इंग्रजी शाळेत व मित्रांमध्ये होईल. वर्गातील पुढील धडा कशावर आहे हे तिने आधी कळवले, तर त्या विषयावर घरी मराठीत बोलून ठेवता येते. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि अतिशय परिणामकारक आहे. मूल मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊ लागले, तर त्याला टोकू नये, आपण मात्र मराठीतच पुढे बोलत राहावे. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा या कामी सर्वांत मोठा आधार ठरतात, कारण त्यांच्याशी मराठीत बोलल्यावाचून गत्यंतर नसते.

शाळेत साहाय्य कोणत्या स्वरूपात मिळते?

बहुतांश मराठी मुलांच्या वाट्याला दोनपैकी एक पद्धत येते. पहिल्या पद्धतीत ईएसएलचे शिक्षक मुलाला ठरावीक वेळेसाठी वर्गाबाहेर छोट्या गटात शिकवतात. दुसऱ्या पद्धतीत तेच शिक्षक वर्गात येऊन वर्गशिक्षिकेबरोबर शिकवतात. वर्गाबाहेर नेण्याच्या पद्धतीत मुलाचा विज्ञानाचा किंवा सामाजिक शास्त्राचा तास बुडतो का, हे पालकांनी आवर्जून विचारावे.

मुलाच्या भाषेतून काही विषय शिकवणारे द्विभाषिक वर्गही असतात. टेक्ससमध्ये एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये एकाच इयत्तेत एकाच भाषेचे २० किंवा अधिक इंग्लिश लर्नर असतील, तर द्विभाषिक कार्यक्रम देणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात असे वर्ग मुख्यतः स्पॅनिशचे असतात, कारण मराठी मुले एकाच डिस्ट्रिक्टच्या अनेक शाळांत आणि इयत्तांत विखुरलेली असतात आणि मराठी येणारे प्रमाणित शिक्षक मिळणे दुरापास्त असते.

हे साहाय्य नाकारता येते का?

येते. नकार मात्र लेखी आणि स्वेच्छेने दिलेला असावा लागतो. शाळेने तो सुचवू नये किंवा त्यासाठी दबाव आणू नये. परंतु नकार दिल्याने वर्गवारी पुसली जात नाही. मूल इंग्लिश लर्नरच राहते, वार्षिक चाचणी त्याला द्यावीच लागते, आणि त्याचे शिकणे अडत नाही ना हे पाहण्याची शाळेची जबाबदारीही कायम राहते. म्हणजे नकाराने चाचणी टळत नाही, टळतात ते फक्त तास.

यातून बाहेर पडायला किती वर्षे लागतात?

खेळाच्या मैदानावरचे इंग्रजी साधारण एक ते तीन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकातील, निबंधातील आणि परीक्षेतील इंग्रजी समवयस्कांच्या बरोबरीला यायला बहुधा पाच ते सात वर्षे लागतात. म्हणूनच ‘तो तर आता अगदी त्यांच्यासारखा बोलतो, मग अजून ईएसएलमध्ये का?’ या प्रश्नाचे उत्तर बोलण्यात सापडत नाही. ते त्याच्या लिखाणात सापडते. वार्षिक चाचणीत राज्याने ठरवलेली पातळी गाठली आणि राज्याच्या इतर अटी पूर्ण झाल्या की मूल या वर्गवारीतून बाहेर येते. त्यानंतर किमान दोन वर्षे शाळेने त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचे असते.

दरवर्षीचा निकाल चारही अंगांसाठी वेगळा मागून घ्यावा. मराठी मुलांचे ऐकणे व बोलणे लवकर वर जाते आणि लेखनात गाडी अडते असे बरेचदा पाहायला मिळते. तसे असेल तर घरी बोलण्याचे इंग्रजी पक्के करत बसण्यात अर्थ नाही.

मूल तीन वर्षांचे आहे. प्रीस्कूलमध्ये त्याला काय मिळू शकते?

बालवाडीच्या वयातील मुलांना सहसा ‘ड्युअल लँग्वेज लर्नर’ म्हणतात, आणि हे नाव अधिक अचूक आहे, कारण त्या वयात मूल मराठीही अजून शिकतच असते. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या केंद्रीय कार्यक्रमाच्या नियमांनुसार घरच्या भाषेचा मान राखून दोन्ही भाषांच्या विकासाला हातभार लावणे अपेक्षित आहे. तथापि तेथील प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी असतो. इलिनॉय राज्याने सार्वजनिक प्रीस्कूलमध्येही द्विभाषिक शिक्षणाचे नियम लागू केले आहेत. खासगी प्रीस्कूलवर अशी बंधने नसतात, तेव्हा प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहावे: मूल मराठीत बोलले तर शिक्षिका काय करतात? त्या हसून प्रतिसाद देतात, की ‘इंग्लिश प्लीज’ म्हणतात?

मूल रडत असेल, तहानलेले असेल किंवा त्याला शौचाला जायचे असेल, तर ते कोणते शब्द वापरते याची यादी रोमन लिपीत लिहून शिक्षिकेला द्यावी. ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘आई कुठे?’ अशा दहा-बारा शब्दांनी पहिले दोन आठवडे पार पडतात. घरात ‘शू’ला दुसरा कोणता लाडका शब्द असेल तर तोच लिहावा; प्रमाण मराठी येथे उपयोगाची नाही.

आधी देवनागरी शिकवावी की इंग्रजी अक्षरे? दोन्हींत गोंधळ होईल का?

गोंधळ होत नाही. वाचन म्हणजे खुणेवरून ध्वनी ओळखणे, हे एका लिपीत कळले की दुसऱ्या लिपीतही उपयोगी पडते. फरक एवढाच, की देवनागरीत ‘का’ हे एक अक्षर म्हणून डोळ्यांसमोर येते, तर इंग्रजीत त्यातील व्यंजन आणि स्वर सुटे करून ऐकावे लागतात. त्यामुळे देवनागरी येणाऱ्या मुलाशी शब्दांचे तुकडे पाडण्याचे खेळ खेळावेत: ‘कप’मधला पहिला ध्वनी कोणता, शेवटचा कोणता, मधला बदलून ‘कॅप’ केले तर काय होते? मराठीत ‘ॅ’ आणि ‘ॉ’ या खुणा असणे हा येथे चक्क फायदा आहे, कारण ‘कट’ आणि ‘कॅट’ यांतील फरक मराठी मूल लिहूनही दाखवू शकते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या बाबतीत मात्र आपल्या एकट्या ‘व’ने घोटाळा होतो. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आरशासमोर उभे राहून म्हणायला लावावे. एकात दात ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो.

गणितात तो हुशार होता. आता गुण का घसरले?

गणित बिघडलेले नसते, गणिताची भाषा बदललेली असते. शाब्दिक उदाहरणांत क्वार्टर, डाइम, निकेल ही नाणी, इंच आणि पाऊंड ही मापे येतात. भागाकाराची मांडणी वेगळी असते. महाराष्ट्रात उजवीकडे लिहिला जाणारा भागाकार येथे वर लिहितात. लाखाचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर जातो. मराठी माध्यमातून आलेल्या लहान मुलांसाठी आणखी एक अडचण असते: ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, इंग्रजीत वीस आधी येतात, आणि ऐकून लिहिताना २५ चे ५२ होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आल्यावर महाराष्ट्रात जी वादावादी झाली, तिचा हा वेगळ्या मातीतला प्रत्यय म्हणता येईल.

उत्तर बरोबर आले, तरी ते कसे काढले हे शब्दांत लिहायला सांगतात. ते आधी मराठीत बोलून घ्यावे आणि मग इंग्रजीत लिहावे.

शाळा म्हणते की मुलाला विशेष शिक्षणाची गरज असू शकते. हे भाषेमुळे तर नाही?

दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, म्हणून घाईने होकार किंवा नकार देऊ नये. केवळ इंग्रजी कमी येते या कारणावरून मुलाला अपंगत्वाच्या वर्गात टाकता येत नाही, आणि मूल्यमापन शक्य असेल तेथे मुलाच्या मातृभाषेत करावे असे केंद्रीय कायदा सांगतो. दोन भाषा ऐकल्यामुळे वाचादोष निर्माण होत नाही. खरी कसोटी मराठी आहे: मूल मराठीतही वयाच्या मानाने मागे असेल, गोष्टीचा क्रम लागत नसेल, आजी-आजोबांनाही त्याचे बोलणे कळत नसेल, तर तपासणी जरूर करून घ्यावी आणि ही माहिती शाळेला सांगावी. गरज सिद्ध झाली तर ईएसएल आणि विशेष शिक्षण दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात. एकासाठी दुसरे सोडण्याची अट घालता येत नाही.

आमचा व्हिसा अवलंबितांचा आहे. इतक्या मागण्या करणे योग्य दिसेल का?

शाळेतील हक्क व्हिसावर अवलंबून नाहीत. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या १९८२ च्या निकालापासून स्थलांतराच्या दर्जावरून मुलाला सरकारी शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही. सभेसाठी दुभाषा हवा असल्यास तो मागावा. मराठी दुभाषा बहुधा फोनवर उपलब्ध केला जातो. मुलालाच दुभाषा करून स्वतःची तक्रार स्वतःच भाषांतरित करायला लावणे कोणाच्याही हिताचे नाही.

२०२५ मध्ये नियम बदलले असे ऐकले. ते खरे आहे का?

अंशतः. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा घोषित झाली, आणि त्याच वर्षी केंद्रीय शिक्षण खात्याने इंग्लिश लर्नरविषयीची २०१५ ची सविस्तर मार्गदर्शक सूचना मागे घेतली. तथापि मूळ कायदे आणि लाऊ खटल्याचा निकाल अशा आदेशाने रद्द होत नाहीत, आणि राज्यांचे स्वतंत्र नियमही आपापल्या जागी आहेत.

शिक्षिकेशी पहिल्या भेटीत काय बोलावे?

मुलाने भारतात कोणत्या माध्यमात किती वर्षे शिक्षण घेतले, ते मराठीत वाचू-लिहू शकते का, त्याला काय आवडते, हे सांगावे. मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून पाहणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, म्हणून ते खाली पाहत असेल, हेही सांगावे. आणि नावाचा उच्चार स्वच्छ म्हणून दाखवावा, हवे तर तीनदा. ‘कॉल हिम सॅम, इट्स इझी’ असे पालकच म्हणून मोकळे होतात, तेव्हा शेजारी उभा असलेला सहा वर्षांचा समर्थ ते ऐकत असतो.